दोष तारेचा की मोडेमचा?

दोन शेतांच्या बांधावरून वाद झाला की मोजणी मागवतात. डायल-अपच्या काळात टेलिफोनच्या तारेवर हेच काम लूपबॅक चाचणी करायची.

अमेरिकेत आधी असा वाद फारसा नव्हता. बहुतेक ठिकाणी तार, एक्स्चेंज आणि घरातला फोनही बेल सिस्टिमचाच. बिघाड त्यांचा, दुरुस्तीही त्यांचीच. १९६८ साली कार्टरफोन प्रकरणाच्या निकालाने इतरांची उपकरणं तारेला जोडायची वाट मोकळी झाली. ग्राहकाला निवड मिळाली, पण कनेक्शन लागलं नाही तर जबाबदार कोण, हा प्रश्नही त्याच्याच गळ्यात पडला.

उत्तर शोधायची रीत सोपी. पाठवलेला मजकूर एकेका टप्प्यावरून माघारी वळवायचा. जिथून तो धड परत येतो, तिथपर्यंत सगळं ठीक. हेज पद्धतीच्या अनेक मोडेमना 'एटी&टी१' ही आज्ञा दिली की टाइप केलेली अक्षरं केबल आणि मोडेममधून फिरून पडद्यावर यायची. फोनची तार यात नाहीच. कनेक्शन जोडलेलं असताना 'एटी&टी६' दिलं की वळण पलीकडच्या मोडेमवर, म्हणजे तारेचीही परीक्षा.

मला यातली एक गंमत फार आवडते. १९६२ च्या बेल १०३ पद्धतीत फोन लावणारा मोडेम १०७० आणि १२७० हर्ट्झवर बोलतो, पण ऐकतो २०२५ आणि २२२५ हर्ट्झवर. त्यामुळे स्वतःचं बोलणं ऐकायचं तर त्याला आधी आपले कान बदलावे लागतात. शिवाय तारेला जोडणारा मोडेमचा भाग या वळणाबाहेर राहू शकतो. म्हणून चाचणी पास झाली तरी लगेच तारेवर खापर फोडता येत नाही.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुंबईत मोडेम आपला, तार महानगर टेलिफोन निगमची, इंटरनेट विदेश संचारचं. एका कनेक्शनला तीन मालक!

मी कामावर रोज १२७.०.०.१ वापरतो, तोही लूपबॅकच. पण तुमच्या फोनवर ॲप 'काहीतरी चुकलं' म्हणून थांबतं, तेव्हा फोन, नेटवर्क की सर्व्हर, हे बहुतेकदा कळत नाही. मोडेमवाल्या ग्राहकाकडे निदान एक आज्ञा होती. तक्रार करण्याआधी आपली बाजू तो स्वतः तपासू शकत होता, आणि समोरच्याने हात झटकले तर त्याला दाखवायला काहीतरी असायचं.