एक वस्तू, तीन वह्या

बल्लारशाहच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. जवळ जाऊन पाहिलं तर ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर नंबर आणि हातोड्याचा ठसा दिसतो. लांबी आणि घेर वहीत चढलेले असतात. ट्रकबरोबर वाहतूक परवाना असतो आणि त्यातला हिशोब डेपोतल्या हिशोबाशी जुळावा लागतो. म्हणजे लाकूड जिथे जाईल तिथे त्याची नोंद त्याच्या मागोमाग जाते. आलापल्लीच्या जंगलातला साग असा मोजला जात होता, तेव्हा संगणक कुणी पाहिलेलाही नव्हता.

नोकरीच्या जाहिरातींत ‘एसएपीचं ज्ञान असल्यास प्राधान्य’ ही ओळ तुम्ही वाचली असेल. एसएपी हे ईआरपी, म्हणजे एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग, या जातीचं सॉफ्टवेअर. नाव भारदस्त आहे, पण त्यातलं मूळ शहाणपण त्या ओंडक्याचंच: वस्तूला एक ओळख द्यायची, तिची हालचाल एकदाच नोंदवायची आणि ज्याला गरज आहे त्या प्रत्येकाला ती नोंद दिसू द्यायची.

हे सोपं वाटतं. ते किती अवघड आहे हे मला आमच्या भागातल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कळलं. तिथे मी काही वर्षं होतो. रॅकला बिन कार्ड लटकलेलं असायचं, टेबलावर स्टोअरचं लेजर आणि अकाउंट्सवाल्यांची वही वेगळी. ६३०८ नंबरचं बेअरिंग घ्या. जगात कुठेही गेलात तरी ६३०८ म्हणजे आतलं भोक ४० मिलिमीटर. पण आमच्याकडे ते एका वहीत ‘बेअरिंग ६३०८’ होतं, दुसरीत ‘बॉल बेअरिंग’, आणि तिसरीत ‘कन्व्हेयरचं बेअरिंग’. एका रात्री कन्व्हेयर बंद पडला. वहीत शिल्लक शून्य. दीडशे किलोमीटरवर नागपूरला जीप गेली, दुकानदाराला झोपेतून उठवून बेअरिंग आणलं. आठवड्याभराने स्टोअरची झाडाझडती झाली तेव्हा रॅकच्या मागच्या बाजूला तीच चार बेअरिंगं निघाली. चोरी झाली नव्हती, कुणी आळसही केला नव्हता. एका वस्तूला तीन नावं होती, एवढंच.

जगभरचे कारखाने याच दुखण्यावर औषध शोधत होते. १९६०च्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी हे जे. आय. केस या ट्रॅक्टर कंपनीत काम करत होते. एका ट्रॅक्टरला हजारो सुटे भाग लागतात. किती ट्रॅक्टर करायचे ते आधी ठरवा. मग कोणता भाग किती आणि केव्हा लागेल ते संगणक उलटं मोजत सांगेल, ही कल्पना त्या काळात आकाराला आली. तिला एमआरपी म्हणतात. आपल्या पाकिटावरच्या किमतीशी तिचा संबंध नाही. पुढे मालाबरोबर यंत्रांचा वेळ, माणसं आणि पैसा यांचाही हिशोब जोडला गेला. १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी जर्मनीत एसएपी काढली. १९९० मध्ये गार्टनर या सल्लागार कंपनीने ईआरपी हे नाव रूढ केलं आणि १९९२ मध्ये एसएपीचं आर/३ बाजारात आलं. आपल्याकडे टॅलीनेही २००९ मध्ये आपल्या आवृत्तीच्या नावात ईआरपी घातलं, आणि तो शब्द तालुक्याच्या गावातल्या हिशोबनिसापर्यंत पोचला.

फायदा काय? एकच माल दोनदा खरेदी होत नाही. गोदामात पैसा अडकून पडत नाही. महिनाअखेरीचा हिशोब लवकर मिटतो. पण हा फायदा सॉफ्टवेअरच्या डब्यातून निघत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने ४८ महिन्यांचं काम ३० महिन्यांत उरकायचं ठरवलं आणि ऐन हॅलोविनच्या हंगामात नवी यंत्रणा सुरू केली. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचल्या नाहीत. माल होता, पण त्यातला काही अशा तात्पुरत्या जागांत ठेवलेला होता की यंत्रणेला त्याचा पत्ताच नव्हता. रॅकमागची आमची चार बेअरिंगं आणि हर्शीची चॉकलेटं, दुखणं एकच.

चंद्रपुरात हा प्रश्न कोळशाचा आहे. वेकोलिची खाण, मधली रेल्वे किंवा ट्रक, आणि ऊर्जानगरचं २९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र. खाणीवर एक काटा, केंद्रात दुसरा. वाटेत ओल वाढते किंवा सुकते, प्रत तपासायला नमुने घेतले जातात, आणि वजन असो की प्रत, थोडा फरक म्हणजे मोठी रक्कम. महानिर्मिती आणि वेकोलि दोघांकडेही आज एसएपी आहे; कोल इंडियाने ती आणली तेव्हा पहिल्या टप्प्यात वेकोलि होती. पण दोन कंपन्यांत दोन यंत्रणा असल्या तरी काट्यावरचा आकडा आधी दोघांना मान्य व्हावा लागतो. स्क्रीन भांडण मिटवत नाही. भांडण नेमकं कोणत्या आकड्यावर आहे ते दाखवते. तेही थोडं नाही.

आता वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत या. इथे उन्हाळ्यात सगळ्यात मोठा हिशोब असतो तेंदूपानांचा. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, घरी बसून ७० पानांचा एक पुडका बांधायचा आणि संध्याकाळी फडावर न्यायचा. असे हजार पुडके म्हणजे एक प्रमाण गोणी. फडमुन्शी मोजतो, काही पुडके बाद करतो आणि कार्डावर आकडा लिहितो. पूर्ण हंगामाची मजुरी त्या आकड्यावर ठरते. कित्येक वर्षं तो आकडा लिहिणारी पेन ठेकेदाराच्या माणसाच्या हातात होती. पान तोडणारीला वहीत डोकावून पाहता येत नव्हतं.

बांबूचंही तसंच. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ सालची. तिला लागणारा बांबू या जंगलांतून जाई, आणि किती गेला ते गावाच्या वहीत नसे. धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू गावाबाहेर न्यायचा परवाना मिळत नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. साधं पावतीबुक, पण त्या दिवसापासून नोंद करायचा अधिकार गावाचा झाला. नोंद गावाची म्हटल्यावर भाव, मजुरी आणि शिल्लक यांवर बोलायचा हक्कही आला. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. सगळं सुरळीत झालेलं नाही. ठेकेदाराने पैसे थकवल्याच्या तक्रारी आजही होतात. फरक हा, की आता किती थकले ते सांगायला गावाकडे स्वतःची वही असते.

म्हणून ईआरपीचा इतिहास वाचताना मी तो फक्त संगणकाचा इतिहास म्हणून वाचत नाही. कंपनीतल्या वेगवेगळ्या खोल्यांमधल्या भिंती पाडून एकच वही सर्वांसमोर ठेवणं, हे त्याचं खरं मोल. पण ही वही बहुतेक वेळा कंपनीच्या फाटकापाशी थांबते. कोळसा खोदणारा कंत्राटी मजूर, ट्रक चालवणारा, पानं बांधणारी बाई यांची नावं त्या यंत्रणेत असतात, त्यांचे आकडेही असतात, स्क्रीन मात्र नसते. ग्रामसभेत हिशोब सगळ्यांसमोर मांडला जातो. तिथे सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, कधीकधी नेटवर्कही नसतं. तरी ज्याचा आकडा आहे तो समोर बसलेला असतो, आणि चुकला तर तिथल्या तिथे म्हणू शकतो, ‘माझे पुडके जास्त होते.’

तुमच्यापैकी अनेकजण उद्या अशीच सॉफ्टवेअरं शिकाल, चालवाल, कदाचित लिहालही. तेव्हा एक प्रश्न विचारत राहा: ही नोंद ज्याच्या घामाची आहे, त्याला ती दिसते का?