सेनगाव परिसर : यादी आणि वाट

सेनगाव हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे लहान गाव. ‘प्रेक्षणीय स्थळे’ या मथळ्याखाली त्याचा शोध घेऊ गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. मात्र याच गावाहून निघालेल्या वाटा कुठे जातात हे पाहू लागलो, की मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील काही महत्त्वाची ठिकाणे एकामागून एक समोर येऊ लागतात. स्थळांच्या यादीत नगण्य ठरणारे गाव वाटांच्या नकाशात मध्यवर्ती कसे ठरते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी विचारण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते.

प्रथम नरसीचा विचार करू. हिंगोली-रिसोड मार्गावर, कयाधू नदीच्या काठी हे गाव आहे. नामदेवांचे जन्मस्थान कोणते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नरसी, पंढरपूर असे पक्ष मांडले गेले आहेत. तथापि नामदेवांच्या घराण्याचा नरसीशी असलेला संबंध परंपरेने कधीच सोडलेला नाही. येथे नदीच्या नावाकडेही लक्ष जाते. भागवतात प्रल्हादाच्या आईचे नाव कयाधू आहे, आणि तिच्या नावाच्या नदीकाठी ‘नरसी’ वसलेली आहे. या नावांची व्युत्पत्ती काहीही असो, भक्तीच्या आद्य कथेतील दोन नावे येथे शेजारी-शेजारी नांदतात. ज्या कवीची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, त्याच्या गावी ही नावे ऐकताना भूगोल आणि वाङ्मय यांची फारकत करणे अवघड जाते. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातील घुमान येथे भरले, ते याच नामदेवांच्या नात्याने.

नरसीच्या दक्षिणेस औंढा नागनाथ. यादवकालीन शिल्पांनी गजबजलेला मंदिराचा दगडी खालचा भाग आणि नंतरच्या काळातील चुनेगच्ची शिखर यांतील फरक कोणाच्याही नजरेत भरतो. गाभारा जमिनीच्या पातळीखाली असून अरुंद वाटेने खाली उतरावे लागते. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले नामदेवांना दिसले ती कथा परंपरा याच ठिकाणी मानते. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले ही दुसरी आख्यायिका. येथील नंदी देवळाच्या मागील बाजूस आहे, आणि भाविक तोच पुरावा मानतात. या दोन्ही कथांत देव कुठे आहे आणि त्याच्याकडे तोंड करून कोणी उभे राहावे, हाच प्रश्न विचारला आहे. मंदिर पाहणे आणि हा प्रश्न ऐकणे या दोन वेगळ्या क्रिया होत. यादी फक्त पहिलीची सोय करते.

उत्तरेस रिसोडमार्गे वाशीम, म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच नगरात. साहित्यशास्त्राच्या तासाला ही कथा अनेकांनी शिकवली असेल. ते लग्नघर सेनगावहून दूर नाही, हे मात्र त्या तासाला क्वचितच सांगितले जाते. पश्चिमेकडे लोणारचे उल्काविवर आणि दैत्यसूदनाचे मंदिर. नैर्ऋत्येस पूर्णा नदीवरील येलदरी धरण. 1968 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी भोवतालच्या माळरानात दूरवर पसरलेले दिसते. पलीकडे जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी.

एवढे सारे असून ते एकत्रितपणे का दिसत नाही? याचे उत्तर राज्यकारभाराच्या इतिहासात आहे. 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. वाशीम, रिसोड, लोणार त्या बाजूस राहिले; सेनगाव, हिंगोली, औंढा, जिंतूर निजामाकडे राहिले. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि 1956 मध्ये हे दोन्ही भाग द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आज ही स्थळे हिंगोली, परभणी, वाशीम आणि बुलढाणा अशा चार जिल्ह्यांत विभागलेली आहेत. जिल्हावार यादीला सीमेपलीकडचे दिसत नाही. सीमेवरच्या सेनगावचे सारे वैभव त्यामुळे शेजाऱ्यांच्या खात्यावर जमा होते.

वाटांना मात्र या सीमा फारशा अडवत नाहीत. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी रिसोड, सेनगाव, नरसी, औंढा अशी या प्रदेशातून परभणीकडे जाते. वऱ्हाड आणि मराठवाडा तिच्या पावलांखाली एकच होतात. वाटेवरची सोबत ही येथे नेहमीच सुखाची होती असेही नाही. हिंगोलीच्या छावणीत राहिलेल्या मेडोज टेलरने आपल्या 1839 च्या ठगांवरील कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या बाजारातील हरिसिंग नावाच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याचा उल्लेख केला आहे. टेलरचा त्याच्याशी व्यवहार होता, आणि तो ठगांचा म्होरक्या निघाला. प्रवाशांना सोबत देऊन लुटणारे ठग आणि सोबतीलाच साधन मानणारे वारकरी, या दोघांनाही हा मुलूख ओळखतो. ‘संतसंग’ या शब्दाचे वजन अशा वाटांवरच नीट कळावे.

1810 मध्ये वॉल्टर स्कॉटचे ‘द लेडी ऑफ द लेक’ प्रसिद्ध झाले आणि स्कॉटलंडातील लॉख कॅट्रिन हे सरोवर पाहण्यासाठी प्रवाशांची रीघ लागली. तेथे काव्याने निसर्गाला प्रेक्षक मिळवून दिले. आपल्याकडे संतांच्या वाणीने प्रेक्षक घडवले नाहीत, चालणारे घडवले. मुक्कामाचे ठिकाण त्यांना ठाऊक असते; वाटेवरचा ओढा, माळ, गाव ते जगतात, पण लिहून ठेवत नाहीत. ते लिहिण्याचे काम कोणाचे? आमच्या मते ते मराठीच्या विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे. नामदेवांचा अभंग अभ्यासक्रमात आहे आणि नरसी सहलीच्या कार्यक्रमात. या दोहोंना जोडणारा रस्ता सेनगावातून जातो. तो एकदा वर्गासह पायी चालावा आणि वाटेत भेटणाऱ्यांकडून ऐकलेले टिपून ठेवावे. या परिसराच्या वाङ्मयीन भूगोलाचे पहिले प्रकरण तेथेच लिहिले जाईल.