एका माणसाचा बँड

माझ्या पहिल्या कवितासंग्रहाला प्रकाशक मिळेना. पदरमोड करून तीनशे प्रती काढल्या आणि पिशवीत घालून घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत विकत हिंडलो. लाज वाटली, की गोव्याच्या रेमो फर्नांडिसची पिवळी स्कूटर आठवायची.

रेमोचा जन्म १९५३ चा, पोर्तुगीज अमलातल्या पणजीतला. मुंबईच्या जे.जे.त तो वास्तुकला शिकला, पण जीव गिटारीत. तेव्हा कॅसेट कंपन्यांचा भरवसा सिनेमाच्या गाण्यांवर. गोव्याच्या पोराने स्वतः रचलेलं इंग्रजी रॉक कोण काढणार? १९८४ साली त्याने शिवोलीच्या घरातच ‘गोवन क्रेझी’ ध्वनिमुद्रित केला. यंत्र चार ट्रॅकचं. म्हणजे एकाच फितीवर चार पट्ट्या: एकीवर ताल भरायचा, तो ऐकत दुसरीवर गिटार, मग गळा. सगळी वाद्यं वाजवणारा एकटाच. वेष्टनावरचं चित्रही त्याचंच. मग स्कूटरवर कॅसेटी लादून तो गोवाभर दुकानं फिरला. वास्तुविशारद झालेलं पोर दारोदार कॅसेटी विकतंय, हे बघून गावाला काय वाटलं असेल!

मरोळच्या गावठाणात शेजाऱ्यांकडे ती कॅसेट मी शाळकरी वयात ऐकली. इंग्रजी अर्धंमुर्धं कळलं. हा माणूस आपल्याच गावाबद्दल बोलतोय, एवढं मात्र पक्कं कळलं.

१९८६ मध्ये गर्दच्या व्यसनाविरुद्धचा ‘पॅक दॅट स्मॅक’ आला, १९८७ मध्ये ‘जलवा’चं शीर्षकगीत. कंपन्या, सिनेमा, २००७ मध्ये पद्मश्री, सगळं पाठोपाठ आलं.

माझ्या तीनशेपैकी चाळीस प्रती अजून खाटेखाली आहेत.