फिलहार्मनिक : स्थलांतरितांनी उभारलेला वाद्यवृंद

सप्टेंबर उजाडला की न्यूयॉर्क फिलहार्मनिकचा नवा हंगाम सुरू होतो. आपल्यातली बरीच मंडळी त्याकडे फिरकत नाहीत. ‘ते गोऱ्यांचे संगीत, आपल्याला त्यातले काय कळणार?’ असा एकंदर सूर असतो. पण या वाद्यवृंदाचा इतिहास पाहिला तर तो आपल्यासारख्याच, दूरदेशाहून आलेल्या माणसांचा इतिहास आहे, हे ध्यानात येते.

युरेली कोरेली हिल या अमेरिकन व्हायोलिनवादकाच्या पुढाकाराने १८४२ साली शहरातले वादक एकत्र आले. संस्थेचा कारभार सहकारी तत्त्वावर चाले. वादकच सभासद, तेच पदाधिकारी निवडत आणि हंगामाअखेरीस शिल्लक रक्कम आपसांत वाटून घेत. ७ डिसेंबर १८४२ रोजी ब्रॉडवेवरील अपोलो रूम्समध्ये पहिली मैफल झाली. आरंभ बेथोवनच्या पाचव्या सिंफनीने झाला. त्या हंगामात मैफली तीनच झाल्या.

१८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर जर्मनीतून लोकांचा लोंढा अमेरिकेत आला आणि पुढे या वाद्यवृंदात जर्मन वादकांचेच प्राबल्य झाले. त्यांतला एक थिओडोर थॉमस. तो १८४५ मध्ये, दहा वर्षांचा असताना, आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आला होता. पुढे त्याने स्वतःचा वाद्यवृंद काढून गावोगावी मैफली केल्या, उन्हाळ्यात खातपीत बसलेल्या लोकांपुढेही उत्तम संगीत वाजवले. फिलहार्मनिकचे संचालकपद त्याने सांभाळलेच, शिवाय १८९१ मध्ये शिकागोचा वाद्यवृंदही उभा केला. आपले संगीत आपल्या भाषेच्या माणसांपुरते ठेवण्यात त्याला समाधान नव्हते.

१६ डिसेंबर १८९३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये ड्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी प्रथम वाजली. रचनाकार बोहेमियाचा, संचालक आंटोन झायडल हंगेरीत जन्मलेला. अमेरिकेच्या भावी संगीताचा पाया इथल्या काळ्या लोकांच्या गीतांत आहे, असे ड्वोर्झाकने त्याच वर्षी जाहीरपणे सांगितले होते. मात्र फिलहार्मनिकमध्ये सॅनफोर्ड ॲलन हा पहिला कृष्णवर्णीय वादक कायम सभासद झाला तो १९६२ साली. स्वतः परके म्हणून आलेले लोकही स्थिरावल्यावर आपली दारे किती काळ बंद ठेवू शकतात, हे यातून दिसते.

सहकारी कारभार १९०९ मध्ये संपला आणि धनिकांच्या आश्रयावर संस्था चालू लागली. त्याच सुमारास गुस्ताव माहलर संचालक म्हणून आला. १९२८ मध्ये न्यूयॉर्क सिंफनी हा प्रतिस्पर्धी वाद्यवृंद तिच्यात विलीन झाला.

१९७८ मध्ये या व्यासपीठावर आपल्या मुंबईचा माणूस उभा राहिला. झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. त्या घरात वाढलेल्या झुबिननी १९९१ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षे, फिलहार्मनिक सांभाळला. १९८१ मध्ये रविशंकरांची ‘रागमाला’ ही सतारीसाठीची रचना त्यांच्याच संचालनाखाली या वाद्यवृंदाने सादर केली.

आता आपल्याकडे वळू. आपली मंडळे गणेशोत्सवाला, दिवाळीला पुण्यामुंबईचे गायक आणतात. सभागृह भरते, पण श्रोते आपणच. पुढच्या रांगेत पिकलेले केस आणि मुले बाहेर व्हरांड्यात! जर्मनांची भाषा या शहराच्या रस्त्यांवरून ओसरली, त्यांचे संगीत मात्र राहिले. कारण ते ऐकणारे आणि वाजवणारे हात पुढे बदलत गेले. आपल्या ख्यालाचे आणि नाट्यपदाचे येथे पन्नास वर्षांनी काय होणार, हे आपण दार कुणाकुणासाठी उघडतो यावर ठरेल.

तेव्हा या हंगामात एक तरी मैफल मुलांना घेऊन ऐकावी. तिकीट महाग वाटले तर १९६५ पासून उन्हाळ्यात शहरातल्या उद्यानांत फिलहार्मनिकच्या विनामूल्य मैफली होत आल्या आहेत. सतरंजी आणि डबा घेऊन जावे. आणि आपल्या पुढच्या गाण्याच्या कार्यक्रमाला शेजारच्या एखाद्या अमराठी कुटुंबाला आग्रहाने बोलवावे.