प्रश्नचिन्हांची कविता

२००५ सालची गोष्ट. चंद्रपूरच्या एका सायबर कॅफेतून मी दिवाळी अंकासाठी ई-मेलने कविता धाडली. अब्बांवरची होती. तिथेच बसून थेट संगणकावर लिहिलेली. कागदावर उतरवायचे राहून गेले. चार दिवसांनी संपादकांचा फोन आला. म्हणाले, "कविराज, तुमचे इंग्रजीतले नाव तेवढे वाचता येते. खाली नुसती प्रश्नचिन्हे आहेत. ही नवकविता समजायची का?"

मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस. यंत्राला अक्षर कळत नाही, अक्षराचा क्रमांक कळतो, हे मला त्या फोननंतर समजले. क्रमांकांची पहिली मोठी यादी अमेरिकेत १९६३ साली झाली, तिचे नाव आस्की. जागा १२८, अक्षरे फक्त रोमन. पुढे ई-मेल याच यादीवर वाढला. आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी इस्की ही यादी १९९१ साली राष्ट्रीय मानक झाली. पण छापखान्यांत आणि दुकानांत राज्य फाँटांचे. एका फाँटातला 'क' दुसऱ्या फाँटात भलतेच रूप घेई. मजकुराबरोबर फाँटही पाठवावा लागे. पाहुण्याने स्वतःचा पाट घेऊन जेवायला जावे तसे!

त्याच १९९१ साली युनिकोड आले. इस्कीच्याच धर्तीवर त्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. शेजारच्या दालनात अरबी लिपी, म्हणजे अब्बांची उर्दूही. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत बसून हे क्रमांक तारेवरून धाडण्याची यूटीएफ-८ ही रीत आखली. ई-मेलच्या पाकिटावर 'आतला मजकूर अमुक यादीने वाचावा' असे लिहिण्याची सोयही त्याच वर्षीची.

पाकिटावर यादीचे नाव चुकले, पण आतले क्रमांक शाबूत असले, तर वाचणारा योग्य यादी निवडतो आणि अक्षरे उभी राहतात. माझे तसे झाले नव्हते. कॅफेतल्या प्रोग्रामात जाणाऱ्या पत्रांसाठी 'पश्चिम युरोपीय' यादी लावलेली होती. तिच्यात देवनागरी नाही, म्हणून यंत्राने प्रत्येक खुणेच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले. मूळ क्रमांक निघताक्षणीच गेले.

संपादकांकडून ते पान मागवून घेतले. बघतो तर शब्दांमधल्या मोकळ्या जागा तशाच होत्या. शिवाय यंत्र मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजते. 'अब्बा' म्हणजे पाच प्रश्नचिन्हे: अ, ब, हलन्त, ब, काना. गझलेने मात्रा मोजायची सवय लावलेलीच होती. रात्रभर बसून आठवणीतला शब्द त्या खुणांवर ठेवून पाहिला. दोन ओळी सोडून कविता परत मिळाली आणि तशीच छापून आली.

माझ्या लिपीला यादीत जागा होती. चूक फक्त निवडीची. पण चांद्यावर राज्य केलेल्या गोंडांचे काय? गडचिरोलीत आज गोंडी बहुधा देवनागरीतच लिहिली जाते. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी रचली. तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१७ साली, म्हणजे ९९ वर्षांनी. आपल्याला लागून असलेल्या आदिलाबादकडच्या गुंजाला गोंडीला २०१८ साली.

आता बहुतेक प्रोग्राम आपणहून यूटीएफ-८ वापरतात आणि ती निवड कोणी उघडून बघत नाही. मी मात्र नवा संगणक आला की बघतो. ते पान माझ्याकडे आहे. न जुळलेल्या ओळींत एकीत एकोणीस प्रश्नचिन्हे आहेत, दुसरीत तेवीस.