दारातला भोपळा आणि संतांची पूर्वसंध्या

हॅलोविन हा शब्द कानी पडताच सांगाडे, चेटकिणी आणि कोरलेले लाल भोपळे डोळ्यांसमोर उभे राहतात आणि भाविक मन साशंक होते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांपुढे तर दर ऑक्टोबरात प्रश्न पडतो : सारी आळी सजत असताना आपण आपले घर सजवावे की नाही? या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या प्रकाशात शोधावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम नावच पाहू. जुन्या इंग्रजीत ‘हॅलो’ म्हणजे संत. हॅलोविन म्हणजे सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या. आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरे यांनी रोमच्या संत पेत्र महामंदिरात सकल संतांच्या सन्मानार्थ एक प्रार्थनालय अर्पण केले. नवव्या शतकात, पोप ग्रेगरी चौथे यांच्या काळात, १ नोव्हेंबरचा हा सण पश्चिम युरोपभर रूढ झाला. पुढे क्लुनी मठाचे मठाधिपती संत ओदिलो यांनी सुमारे १००० सालापूर्वी २ नोव्हेंबर हा दिवस मृतांसाठी प्रार्थना करण्यास नेमून दिला. मध्ययुगीन इंग्लंडात या दिवसांत गोरगरीब दारोदारी जात, घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत आणि त्या बदल्यात छोटे केक घेत. दाराशी आलेला याचक त्या वेळी प्रार्थनेचा वाटेकरी होता.

आयर्लंडमध्ये जुन्या ‘साविन’ या हिवाळ्याच्या आरंभीच्या उत्सवाच्या चालीरीती या पूर्वसंध्येत मिसळल्या. तेथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. १८४५ ते १८५२ च्या भीषण दुष्काळात लाखो आयरिश लोक देशोधडीला लागले. त्यांच्यातील बहुसंख्य कॅथलिक होते. अमेरिकेत पोहोचलेल्यांनी आपली पूर्वसंध्याही सोबत नेली. तेथे सलगमाची जागा मोठ्या, कोरण्यास सोप्या लाल भोपळ्याने घेतली.

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र ही रात्र उनाडकीची झाली होती. फाटके उखडली जात, खिडक्यांना साबण फासला जाई. मिनेसोटा राज्यातील अनोका गावाने १९२० साली यावर शहाणा उपाय योजला : मुलांना दटावण्याऐवजी गावाने मिरवणूक काढली आणि खाऊ वाटला. याच सुमारास डेनिसन कंपनीची ‘बोगी बुक’ ही पुस्तिका क्रेप कागदाची तोरणे, मांजरे आणि घुबडे करून घर कसे सजवावे हे शिकवीत होती. तिचा पहिला अंक १९०९ चा. १९३० नंतरच्या मंदीत शेजारी आपापसांत खर्च वाटून घेत; मुलांचा घोळका एका घरातून दुसऱ्या घरी जाई आणि प्रत्येक घरी काही नवा खेळ वा खाऊ असे. एकट्या घराला न परवडणारा आनंद आळीने मिळून उभा केला. पुढे एक अलिखित खूणही रूढ झाली : पडवीतला दिवा लागलेला असेल, तर मुलांनी खुशाल दार ठोठवावे. १९५० साली फिलाडेल्फियातील काही मुलांनी खाऊबरोबर युनिसेफसाठी नाणी गोळा केली आणि जुन्या दानधर्माचा धागा पुन्हा जुळला.

तथापि या प्रवासात काही हरवलेही. सजावट वाढत गेली, संतांची नावे मागे पडली. १९५५ साली रोमने उपासना-पंचांग सुटसुटीत करताना या पूर्वसंध्येची खास उपासनाही वगळली. मृत्यूचे रूप उरले, मृतांसाठीची प्रार्थना उरली नाही.

म्हणून आमचे मत असे : भोपळा कोरण्यात पाप नाही आणि शेजाऱ्याच्या मुलाला दारातून विन्मुख पाठवण्यात पुण्य नाही. परंतु सैतानी विकृतीला दारात थारा नसावा, आणि दिवा लावताना तो कोणासाठी लावतो, हे मुलांना सांगावे. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. पडवीतला दिवा त्याच ज्योतीचा सोयरा आहे. त्या रात्री घरातील प्रत्येक मुलाने आपल्या नामसंताची गोष्ट ऐकावी आणि एका दिवंगत पूर्वजाचे नाव घेऊन प्रार्थना करावी. मग ती सजावट खऱ्या अर्थाने संतांची पूर्वसंध्या ठरेल.