बंद पंखा आणि आयर्लंडचा कप्तान

आमच्या बँकेत दोन पंथ आहेत. पंखा बंद पडला की अर्ज करणारे, आणि पासबुकानं वारा घेणारे. मी दुसऱ्या पंथाचा. त्यामुळे 2002 साली आयर्लंडच्या फुटबॉल संघात भांडण झालं तेव्हा मी लगेच मॅनेजरच्या बाजूला जाऊन बसलो. आयर्लंड नकाशात शोधावं लागलं, ती गोष्ट निराळी.

हकीकत अशी. वर्ल्ड कप जपान-कोरियात होता. त्याआधी सरावासाठी आयरिश संघ सायपान नावाच्या पॅसिफिक महासागरातल्या बेटावर उतरला. संघ पोचला, पण सरावाचं सामान पोचलंच नव्हतं. वऱ्हाड दारात आणि आचाऱ्याची भांडी मागल्या स्टेशनात, तशातली गत. मैदान दगडासारखं टणक. बाकीचे म्हणाले, चालायचंच. कप्तान रॉय कीन म्हणाला, नाही चालायचं! आणि हे त्यानं वर्तमानपत्राला सांगितलं. 23 मे रोजी मुलाखत छापून आली. मॅनेजर मिक मॅकार्थीनं ती हातात धरून सगळ्या संघासमोर जाब विचारला. कीननं उत्तर दिलं. ते चांगलं लांबलचक होतं आणि त्यातली फक्त उभयान्वयी अव्ययं इथं छापता येतील. बाकीचे खेळाडू गप्प. कप्तानाची घरी रवानगी झाली.

खरी मॅच इथून सुरू झाली, आणि ती खेळली प्रेक्षकांनी. 39 लाखांचा देश उभा दुभंगला. रेडिओला फोन करकरून लोक भांडले. 1922 च्या यादवी युद्धाची आठवण माणसं अर्धवट चेष्टेत काढू लागली. कॉर्क हे कीनचं गाव. बंडखोरांचा मुलूख म्हणूनच त्याची ख्याती. तिथं मॅकार्थीला त्या आठवड्यात कुणी चहा पाजला असता असं वाटत नाही. शिवाय मॅकार्थी जन्मला इंग्लंडात, बाप तेवढा आयरिश. तेव्हा 'हा आपला नव्हेच' म्हणायलाही लोक मोकळे. हाच गृहस्थ 1990 च्या वर्ल्ड कपात आयर्लंडचा कप्तान होता, हे सोयीनं विसरायचं. दुसरा पक्ष विचारी, ऐन वेळी देशाला सोडून आला तो कसला कप्तान? नुकतीच निवडणूक जिंकलेल्या पंतप्रधान बर्टी अहर्न यांनीसुद्धा मध्यस्थीची तयारी दाखवली. टीव्हीच्या मुलाखतकारानं तर कीनपुढे जवळजवळ पदर पसरला. पण कीन इंग्लंडात आपली ट्रिग्ज नावाची कुत्री फिरवत होता. कुत्री पुढे, फोटोग्राफर मागे.

या भांडणात फुटबॉल थोडाच होता. जो तो आपल्या साहेबाशी भांडून घेत होता, नाहीतर हाताखालच्या माणसाशी. मला हे कळायचं कारण, त्याच उन्हाळ्यात आमच्या ब्रँचमध्ये कॅशच्या पिंजऱ्यातला पंखा बंद होता. कॅशियरनं तीन अर्ज दिले. मग स्टाफ मीटिंगमध्ये साहेबांना तोंडावर सुनावलं. महिन्याभरात बदली! त्या मीटिंगला मी हजर होतो. बशीतल्या बिस्किटांकडे पाहत होतो.

कीनवाचून आयर्लंडचा संघ चक्क बरा खेळला. जर्मनीशी अगदी शेवटी बरोबरी झाली. तो गोल रॉबी कीनचा. नात्याचा नव्हे, नुसता आडनावबंधू. 16 जूनला स्पेनकडून पेनल्टीवर हरले. मॅकार्थीवाले म्हणाले, बघा, अडलं का काही? कीनवाले म्हणाले, बघा, तो असता तर? एकच आकडा जमेलाही आणि नावेलाही, हा हिशेब आम्हांला बी.कॉम.ला नव्हता.

नोव्हेंबरात मॅकार्थीनं राजीनामा दिला. असोसिएशननं स्वतःच नेमलेल्या चौकशीत तयारी ढिसाळ होती असं निघालं आणि सरचिटणीसही गेले. 2004 साली कीन पुन्हा देशासाठी खेळला. 2005 साली डब्लिनमध्ये या भांडणावर रोमन सैनिकांच्या वेशातलं संगीत नाटक आलं. आणि बदल्या तर पाहा. 2006 साली संडरलंड क्लबातून मॅकार्थीला काढलं, काही महिन्यांत तिथंच कीन मॅनेजर. 2018 च्या नोव्हेंबरात कीन आयर्लंडचं सहायक मॅनेजरपद सोडतो, त्याच आठवड्यात मॅकार्थी तिथं मॅनेजर! आमच्या बदल्यांच्या ऑर्डरी काढणारा इसम तिकडेही असावा.

कारण आमचा तो कॅशियरही पुढे मॅनेजर होऊन आमच्याच ब्रँचला आला. पहिल्या दिवशी मी केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "साहेब, त्या वेळी मी मनातनं तुमच्याच बाजूचा होतो."

"असं?" ते म्हणाले. "ऐकू आलं नाही हो. आणि पंखा तर बंद होता."